दोनशे बारावी ओळ

मु. पो. मुळशी
२४ जून २०२५

ती. शुभांगीआत्यास,
गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

तुला आता फोनवरचंही काही ऐकू येत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरचे आकडे तुला दिसत नाहीत, म्हणून हे पत्र. सोबत चार कागद छापून जोडले आहेत. भिकू टेंपोवाला मंगळवारी आणि शनिवारी इथल्या रिसॉर्टांचा माल घेऊन येतो. कोथरूडवरून परत जाताना तो पाकीट तुझ्या दारात टाकेल.

सासूबाई रंगपंचमीला गेल्या तेव्हापासून दुकान बंदच आहे. मागच्या कोठीलाही तेराव्यानंतर कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच कमरेला असते. मला दुकान पुन्हा उघडायचं आहे. अमोल म्हणतो की हिंजवडीची नोकरी सोडलीस तेवढं पुरे, जागा बोटिंगवाल्याला तिकीट खिडकीसाठी देऊन टाकू. खूप भांडल्यावर त्याने एक अट घातली. पंधरा ऑगस्टपर्यंत कागदावरचा माल आणि कोठीतला माल नगाला नग जुळवून दाखव, मग दुकान तुझं. नाही जुळला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

सासूबाईंच्या वहीवरून मी सगळी नावं संगणकातल्या तक्त्यात भरली. एकूण दोनशे बारा ओळी. माल किती वेळा फिरला आणि उरलेला किती दिवस पुरेल, ही दोन उत्तरं काढायला सूत्रंही घातली. पण उत्तरं वेड्यासारखी येतात. मीठ चार महिने पुरेल म्हणतंय! तू जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलंस. माझं कुठे चुकतंय ते पाहा.

बाबांचा गुडघा बरा आहे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी
गौतमी

*

कोथरूड
२७ जून २०२५

चि. सौ. गौतमीस अ. उ. आ.

कागद तपासले. अक्षर छापील असलं म्हणजे हिशेब बरोबर असतो, असा तुमच्या पिढीचा समज दिसतो.

सूत्र बरोबर आहे. सुरुवातीचा साठा आणि शेवटचा साठा यांची बेरीज करून निम्मी केली की सरासरी साठा. खपाला त्याने भागलं की माल किती वेळा फिरला ते कळतं. उरलेल्या साठ्याला रोजच्या खपाने भागलं की तो किती दिवस पुरेल ते कळतं. हे सगळं तू रुपयांत न करता नगांत केलंस, ते शहाणपणाचं. भाव बदलतात, नग बदलत नाहीत.

चूक आवकेच्या रकान्यात आहे. मिठाचे सुरुवातीचे पुडे १००, टेंपोतून आले १४४. पुढे तू आणखी २१६ आवक दाखवली आहेस आणि शेजारी लिहिलंस, 'वहीतील नोंद: वाढले'. अगं बाई, घरात मीठ संपलं, कुंकू संपलं असं म्हणत नाहीत. 'वाढलं' म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तुझ्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, दुकानातही 'संपलं' हा शब्द कधी येऊ दिला नाही. त्यांनी 'मीठ २१६ वाढले' लिहिलं म्हणजे तेवढे पुडे खपून गेले. तू संपलेला माल आल्याचा लिहिलास! तुझ्याच विक्रीच्या रकान्यातही २१६ च आहेत, ते ताडून पाहावं हे सुचलं नाही. इंग्रजी शाळेत घालू नकोस, हे मी तुझ्या बापाला तेव्हाच सांगितलं होतं.

ती सगळी खोटी आवक काढ. मग मीठ उरेल २८ पुडे, दिवसाला दोन धरले तर चौदा दिवसांचं. आता कोठी उघडून माल मोज. वहीवर विसंबू नये, हाताने मोजावं.

पत्राच्या शेवटी तूही 'लोभ वाढावा' लिहिलं आहेस. तुझ्या सासूबाईंच्या अर्थाने नसेल, अशी आशा करते.

तुझी
शुभांगीआत्या

*

मुळशी
१५ जुलै २०२५

ती. शुभांगीआत्यास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून अमोल इतका हसला की त्याला ठसका लागला. मी मुकाट्याने आवक दुरुस्त केली. जुना तक्ता पुसला नाही, बाजूला ठेवला. मग रविवारी सकाळी आम्ही कोठी उघडली.

अमोलने लहानपणीची पद्धत दाखवली. सासूबाई तिला मालाची हजेरी म्हणत. एकाने बाहेर गल्ल्याशी बसून नाव वाचायचं, दुसऱ्याने आत नग मोजायचे. माल असला की आतून 'हाय' म्हणायचं, नसला तर 'वाढलं'. मी 'आहे' म्हणायला लागले तर तो चिडवायला लागला, पुण्याची पाहुणी कोठीत शिरली म्हणून.

आत्या, मिठाचे पुडे २८ नाहीत, २४४ आहेत. मी तीनदा मोजले, मग अमोलने मोजले. काडेपेट्या, वाती, साबण, गुळाच्या ढेपा, सगळं तसंच. तुझा दुरुस्त तक्ता एकाही ओळीला जुळत नाही. माझा चुकलेला तक्ता नगाला नग जुळतो.

मी पुड्यांवरची पॅकिंगची तारीख पाहिली. वरच्या थरांवर यंदाचा मे महिना छापला आहे. कोठीला कुलूप मार्चपासून आहे. भिकूला विचारलं तर तो म्हणाला, होळीपासून त्याने आपल्या दारात एक गोणही उतरवलेली नाही.

काल डोंगरावरच्या वाडीतली कोंडाबाई शटर अर्धं वर पाहून आत डोकावली आणि मीठ मागायला लागली. हजेरी पुरी होईपर्यंत काही विकायचं नाही म्हणून मी सरळ सांगितलं की मीठ संपलंय. तिने पदर तोंडावर धरला. असं बोलू न्हाई, म्हणाली. साळूबाई कधी तसं बोलली न्हाई, म्हणून हितं काय सपत न्हवतं. मग खाली वाकून तिने उंबऱ्याला हात लावला आणि मीठ न घेताच निघून गेली.

अमोल म्हणतो आईने कुठून तरी माल मागवला असणार, आपल्याला काय, जुळलं म्हणजे झालं. पण पुरतं जुळलेलं नाही. दोनशे अकरा ओळी जुळल्या, शेवटची एक राहिली. वहीच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे, 'रत्ना १ वाढली'. मी ती रत्ना छाप उदबत्ती असावी असं धरून एक नग आवक लिहिला होता. कोठीत त्या नावाचं काही नाही. तक्त्यात त्या ओळीचा खप शून्य आहे, म्हणून 'किती दिवस पुरेल' या रकान्यात आकडाच येत नाही, चूक दाखवतो. अमोल अटीवर अडून बसला आहे. दोनशे बारा म्हणजे दोनशे बारा. रत्ना छापची काय वस्तू मिळते, तुला माहीत आहे का?

लोभ असू दे.

गौतमी

*

कोथरूड
१८ जुलै २०२५

चि. सौ. गौतमीस आशीर्वाद.

कुलपाला दोन किल्ल्या असतात. दुसरी कोणाकडे आहे ते शोध. कारखान्याच्या पुड्यांवर तारखा चुकीच्या छापल्या जातात, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. कोंडाबाईला मीठ दे. माणूस दारातून रिकाम्या हाताने पाठवू नये.

त्या नावाची उदबत्ती नाही. साबण नाही, काडेपेटी नाही. कसलीच वस्तू नाही. वहीचं ते शेवटचं पान, तारखेसकट, मला पाठव. ती ओळ तू पुसू नकोस, अमोललाही पुसू देऊ नकोस.

ज्याला खप नाही त्याला दिवस लागू होत नाहीत. तक्ता बरोबर सांगतो आहे.

शुभांगीआत्या

*

मुळशी
११ ऑगस्ट २०२५

ती. शुभांगीआत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी. काल शेवटची हजेरी झाली. दोनशे बारा ओळींवर दोनशे बारा बरोबरच्या खुणा. अमोलने खाली सही केली आणि बोटिंगवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुकान राहिलं आत्या! शुक्रवारी नारळ फोडून उघडते आहे.

आता जे सांगायचं आहे ते. दुसरी किल्ली मी खूप शोधली. ती सासूबाईंच्या ट्रंकेत मिळाली, तेराव्याला त्यांच्या साड्यांत मीच गुंडाळून ठेवली होती आणि विसरले होते.

काल दुपारी अमोल गल्ल्याशी बसला होता, मी आत. दोनशे अकरावी ओळ सुतळीची. मी मोजली, सांगितलं. शेवटची वस्तू नाहीच हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात कोंडाबाईने मागच्या दाराशी हाक मारली. तू म्हणालीस म्हणून दिलेल्या मिठाच्या बदल्यात ती रानभाजी घेऊन आली होती. मी कोठीतून बाहेर पडून तिच्याशी बोलत उभी राहिले. मध्येच तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि आत कोन हाय म्हणून विचारलं. मी म्हटलं कोणी नाही. भाजीची जुडी तिने माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली.

मी पुढे आले तर अमोल खुशीत. शेवटच्या ओळीवर खूण झालेली. मी म्हटलं ती वस्तू तर नाही. तो म्हणाला, मी 'रत्ना, एक' असं वाचलं, तू आतून 'हाय' म्हणालीस, वर मोठ्याने म्हणालीस. शेवटी मुळशीचं बोलणं जमलं म्हणून माझी थट्टाही केली.

मी नव्हते म्हणाले. मी कधीच हाय म्हणत नाही, मला ते जमतच नाही. त्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर सही परत घेईल, याची मला भीती वाटते. आणि न सांगितलं तर रोज कोठीत एकटीला जायचं आहे, याचीही.

तू मागितलेलं पान सोबत आहे. भिकू गणपतीच्या सामानाच्या फेऱ्यांत अडकला होता, म्हणून उशीर झाला. पान तोडताना लक्षात आलं की नोंदीची तारीख रंगपंचमीची आहे. म्हणजे सासूबाई गेल्या त्याच दिवसाची. अक्षर त्यांचंच आहे, जरा तिरकं गेलं आहे इतकंच.

काय करू ते लवकर लिही.

तुझी
गौतमी

*

कोथरूड
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. गौतमीस अनेक आशीर्वाद.

पान मिळालं. अक्षर ओळखलं. ते तुझ्यापेक्षा मी जास्त वर्षं पाहिलं आहे.

तुझं स्थळ मी आणलं तेव्हा साळूबाई माझी शाळेतली मैत्रीण, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. शाळेत ती साळू नव्हती. लग्नात तिच्या सासूने आपल्या आईचं नाव तिला दिलं. माहेरची माणसं एकेक करून गेली, आणि जुन्या नावाने तिला हाक मारणारी मी एकटी उरले. तिचं माहेरचं नाव रत्ना.

पौडच्या शाळेत मास्तर हजेरी घेत. सगळ्या मुली हजर म्हणत. रत्ना हाय म्हणे, तेही वर्गाबाहेर ऐकू जाईल असं. त्यापायी ती आठवड्यातून दोनदा छडी खायची. मी तिला कितीदा सांगितलं की हजर म्हण, एवढ्याने काय जातं. ती म्हणायची, मी हाय तर हायच म्हणनार. पुढे मी कॉलेजात गेले, तिचं लग्न झालं. दुकान हातात आलं तेव्हा साठ्याची वही कशी ठेवायची हे मी तिला पत्रांतूनच शिकवलं. जे जाईल ते त्याच दिवशी लिही, उद्यावर टाकू नको, असं मी बजावलं होतं. तिने शेवटपर्यंत तसंच केलं. स्वतःचीही नोंद तिने त्याच दिवशी केली. माझ्याच शिकवणीप्रमाणे.

आणि तू ती आवकेत धरलीस.

अमोलची सही खरी आहे. त्याने नाव वाचलं, आतून उत्तर आलं, त्याने खूण केली. हजेरीचा नियम एवढाच आहे. त्याला ही सगळी हकिगत मी सांगेन, तू सांगू नकोस. तोवर कोठीत जायचं तर जात जा, फक्त आत शिरताना आवाज दे. तिला न सांगता कोणी मालाला हात लावलेला तिला आवडायचं नाही.

मंगळवारी भिकूच्या टेंपोतून मी येते आहे. दुपारी ऊन असताना हजेरी घेऊ. मागचं दार लाव, कोठीत कोणीही थांबू नका. गल्ल्याशी मी बसेन आणि फक्त शेवटची ओळ वाचेन. मला ऐकू येणार नाही, हे तुला ठाऊक आहे. तू माझ्याजवळ बस. आतून उत्तर आलं तर माझ्या मनगटावर दोन बोटं टेकव. नाही आलं तर काही करू नकोस, मी थोडा वेळ थांबेन आणि पुन्हा वाचेन.

लोभ आहे. तो वाढावा असं आज लिहीत नाही.

तुझी
शुभांगीआत्या