तळ्याचं माप

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझी धरलेली कंबर एव्हाना सरळ झाली असेल. आम्ही दोघं खुशाल आहोत. या ‘खुशाल’मध्ये तुझ्या ताईचा गुडघा धरावा, माझ्या पोटऱ्या धरू नयेत.

राज्य उद्यानातली तळ्याभोवतीची पायवाट तिला दाखवायची, आणि तीही तुझ्या मदतीशिवाय, असं मी ठरवलं होतं हे तुला ठाऊक आहेच. (‘भाऊजी, सहल आखणं म्हणजे बाही लावणं नव्हे,’ असं तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास. मी विसरलेलो नाही.) डॉक्टरांनी तिला एका वेळी तीन किलोमीटर चालायची परवानगी दिली होती. ही सहल नीट झाली, तर पुढच्या महिन्यात तुझ्या भटकंती मंडळाबरोबर चार दिवस जंगलात न जाता माझ्याबरोबरच फिरेन, असं ती कबूल झाली होती. म्हणजे बघ, किती जोखमीचं काम होतं!

ते मी पद्धतशीर केलं. उद्यानाचा नकाशा बेतायच्या टेबलावर पसरला, पायवाटेच्या एकेका वळणावरून दोरा फिरवला, टाचण्या टोचल्या, मग दोरा टेपला लावला. इंचाला एक किलोमीटर. दोरा भरला सहा इंच आणि मी वहीत लिहिले तीन. हसू नकोस. चाळीस वर्षं कापड दुहेरी घडी घालून बेततोय. छाती छत्तीस भरली की हात आपोआप अठरा लिहितो. तळं घडीवर बेतलेलं नसतं, हे हाताला कोण सांगणार?

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. तीन किलोमीटर झाले. आता फाटक दिसायला हवं होतं. दिसली पाटी, ‘फाटक : ३ किमी’. मी म्हटलं, पाटी चुकलीय. तुझ्या ताईने माझी वही मागितली, एकदा पाहिली आणि म्हणाली, “अहो, तळ्याला सदरा शिवताय का?”

खरं सांगतो, घाबरलो. तिच्या गुडघ्याचं काही झालं असतं तर कुणाला तोंड दाखवणार होतो? तिला दगडावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मदत आणायला धावलो. विसाव्या पावलाला पोटरीत असा गोळा आला की मी पायवाटेवर आडवा. माझी आरडाओरड ऐकून रखवालदार जीप घेऊन आला. “आजोबा, आजींना टाकून कुठं पळत होता?” हे त्याचं पहिलं वाक्य. (तिने खुलासा केला नाही. नुसती हसली.) तिला पुढे बसवलं, मला मागे, खराटे आणि रोपांच्या पिशव्यांमध्ये. वाटेत त्याने तिला खंड्या दाखवला, पाणकावळे दाखवले. मला जीपचं छत दिसलं. एकूण सहल यशस्वी झाली असं माझं मत आहे. तिचं मी विचारलेलं नाही.

तुझा,
भाऊजी

ता. क. तुझ्या मंडळाच्या यादीत तिने काल नाव घातलं म्हणे. चार दिवस एकटा राहायला मला काही अडचण नाही, चहासुद्धा येतो करता. पण समोर कुणी बसलेलं नसलं की तो घशाखाली उतरत नाही. यादीत एक नाव वाढवता येईल का? तिला कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत तिने मागे उभं राहून सगळं वाचलं. माझं नाव तिने कालच घातलंय म्हणे. चालणाऱ्यांत नव्हे, मुक्कामावर थांबून भाज्या चिरणाऱ्यांत. तेव्हा वरची विनंती रद्द समज. मी तासभर फुगून बसलो, मग जाऊन सुरीला धार लावून आणली.