साक्षर देशातली मी

अप्पर हट, रविवार संध्याकाळ

नात सई लिहितेय, मी सांगतेय. पुढच्या आठवड्यात ती शिकायला ऑकलंडला जाणार. मग माझी रोजनिशी कोण लिहिणार? संध्याकाळभर तेच डोक्यात.

सईने विचारलं, "आजी, कोकण कम्युनिस्ट देश होता तेव्हा शाळा फ्री होत्या ना? मग तू का नाही शिकलीस?"

"अगं, सरकारने जाहीर केलं होतं, देशात निरक्षर कुणी उरलंच नाही. मग मला शिकवणार कोण? तपासणीला मी पाठ केलेला धडा म्हटला. तपासणाऱ्या कॉम्रेडने पान उलटलं, तरी तोच म्हणत राहिले. 'शाबास' म्हणाला मेला. त्यालाही जेवायला जायचं होतं."

सईने हसत पेन माझ्यापुढे धरलं. "आता तू."

तो देशच उरला नाही, मग आता शिकायला हरकत काय? खालचं वाकडं अक्षर माझं.

अ