दोन काचांच्या मधलं वारं

रविवार, १२ एप्रिल

राजीनं कस्तुराबाईला नेलं! मला न्हाय. — बिरोबाचं नाव पानावर मागनं लिहीन, आधी हे.

नात माझी. तिची आई नोकरीला जायची तवा कडेवर मी घेतली, शेंबूड मी पुसला. आता इंजिनेर झाली, होटगी रोडला काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर घर घेतलं, आन् त्यात नेऊन बसवली कोण? आईची आई! बार्शीवाली. जी हिच्या बारशाला बी उशिरा आली, आन् जेवायला पहिल्या पंगतीला.

बिरू, माझा लेक, म्हणतो, "आई, त्यांना बघायला कुणी न्हाय."

मला बघायला कोण हाय? भाकरीचा तवा.

बिरोबा प्रसन्न.

बुधवार, १५ एप्रिल

राजी दुपारी जेवायला आली. खानावळ बिरूची, भाकरी माझी. वर पत्रा, खाली दोन चुली, खिडकी एक — ती बी शेजाऱ्याच्या भिंतीकडं.

इचारलं, तुझ्या काचंत म्हातारी शिजत न्हाय का गं?

हसली. "आज्जे, काचा दोन हायत. बाहेरची येगळी, आतली येगळी, मधी माणूस उभा राहील एवढी जागा. उनानं मधली हवा तापती, वर पळती, वरच्या झडपांतनं बाहेर. तिच्या मागनं खालची हवा वर येती. दुपारी आतली काच लावून पडदा सोडायचा, सांजच्याला काच सरकवायची — घरभर वारं. एसी न्हाय! ही भिंत मीच आखली."

"म्हंजी धुराड्यात बसवली म्हण की तिला!"

"तू ये की बघायला."

"मला कोण बोलवतंय!"

तिनं बापाकडं बघितलं. बापानं आमटीच्या पातेल्यात. पोरगी जेवली आन् गेली.

शुक्रवार, १७ एप्रिल

पत्रा तापलाय. घाम गळून गळून पिठाला मीठ लागंना. तिकडं विहीणबाई वारं खात असतील. खा म्हणावं!

रविवार, १९ एप्रिल

खानावळ बंद. न सांगता राजीकडं गेले. लिफ्टनं नववा मजला गाठला.

कस्तुराबाईनं दार उघडलं, कडक इस्त्रीचं लुगडं. "या विहीणबाई! वारं कसं खेळतंय बघा!" खेळतंय कुठलं! स्वतःच पदरानं तोंड पुसत होती.

राजीचं तोंड उतरलेलं. "आज्जे, सगळं मोजून केलं. खालच्या मजल्यांवर वारं हाय, माझ्याच घरात लागंना. हापिसात हसतेत. असंच राहिलं तर पुढच्या इमारतीत माझी भिंत घेणार न्हाईत."

कस्तुराबाईची खोली बघायला गेले. पडदा सारला. दोन काचांच्या मधी, काच पुसणाऱ्याला उभं राहायला लोखंडी जाळी हाय. जाळीवर जाडजूड गोधडी. गोधडीवर कुरडया! पांढऱ्याफेक. कावळा न्हाय, धूळ न्हाय. माझ्या पत्र्यावरच्या निम्म्या कावळ्यानं नेल्या. आन् खालनं वारं यायची वाटच हिनं बुजवलेली. राजी सकाळी जाती, दिवेलागणीला येती, पडदा कायम खाली. तिला काय दिसणार?

बघितलं. पडदा सोडला. म्हणलं, "लई गार हाय बाई तुमचं घर!"

घरी येऊन झोप छान लागली.

सोमवार, २० एप्रिल

घामेजू दे तिला! — पण त्याच घरात राजी बी घामेजती की.

रविवार, २६ एप्रिल

परत गेले. सांजची वेळ. दोघी हॉलात बसलेल्या. म्हणलं, जरा पडते. कस्तुराबाईच्या खोलीत गेले, काच सरकवली, कुरडया पदरात घेतल्या आन् गोधडी वढून काढली. कंबर धरली. घटकाभरात पडदा हालला. हॉलातनं राजी वरडली, "आलं! वारं आलं!" पहिला नंबर आला तवा बी एवढी हरकली नव्हती.

मग वाऱ्यासंगट बोलणं बी आलं. त्या खोलीच्या आन् हॉलच्या काचंमागची जागा एकच. तिकडचं हिकडं कानात सांगितल्यागत!

कस्तुराबाई म्हणत होती, "तुझी आजी मला खाऊ का गिळू बघती गं. तिलाच आण. मी जाते बार्शीला."

"आधी तिलाच बोलवलं होतं. बाबांना फोन केला. ते म्हणले, आई म्हणती त्या काचंच्या पेटीत माझा जीव घुसमटंल, नको. आता परत कोणत्या तोंडानं इचारू?"

मी कवा म्हणलं? मला इचारलंच कुणी!

कुरडया पदरात तशाच. एक मोडली, तोंडात टाकली. बरी झालीय. मेलीच्या हाताला चव हाय.

सोमवार, २७ एप्रिल

चूल पेटवली न्हाय. बिरूला इचारलं, "माझ्या तोंडानं बोलायला तुला कुणी सांगितलं?" तो म्हणला, "आई, तू गेलीस तर भाकरी कुणी करायची?"

राजीकडं जायला लुगडी पिशवीत भरली. दारात गिऱ्हाइकं उभी हायत, आज भाकरी का न्हाय म्हणून इचारतेत — त्यांना बिरूनं उत्तर द्यायचं. राजीचा फोन वाजला तर मी उचलणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय.