धावजीचा संशय

पांढरकवडा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय राजदीप,
सप्रेम जय भीम.

तुझा मेसेज परवाच वाचला. वाचूनही उत्तर दिलं नाही म्हणून तिकडे नागपुरात फुगून बसला असशील, तेही माहीत आहे. पण असल्या गोष्टीचं उत्तर अंगठ्यानं टाइप करून देता येत नाही, म्हणून कागद घेतला. मागच्या रविवारी ढाणकीला जाऊन आले. आईचे गुडघे तसेच आहेत. बाबा अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमची पोरगी डोक्याच्या दवाखान्यात मोठी सिस्टर आहे." ऐकणारा एक पाऊल मागं सरकतो, अन् बाबांना वाटतं मानानं सरकला.

तर तुझा प्रश्न. मनोविकार नर्सिंगचा फॉर्म भरू का, त्याला स्कोप आहे का? आहे ना बाप्पा, ढीगभर आहे. पेशंटला तोटा नाही, तोटा सिस्टर-ब्रदरांचा आहे. डिप्लोमा केलेली आमच्या दवाखान्यात मी एकटी. ऑर्डर अकरा महिन्यांची असते, बाराव्या महिन्यात आपण आहोत की नाही हे आपल्यालाच माहीत नसतं. तू लिहिलंस की बाहेरच्या देशात नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासतात, स्वतः औषध लिहितात. इथंही तेच चालतं रे, फक्त कागदावर नाही. मानसोपचाराचे डॉक्टर आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात महिन्यातून एका गुरुवारी येतात. उरलेले दिवस माझे. कोणाची गोळी वाढवायची, कोण आलं नाही म्हणून कोणाच्या घरी जायचं, सगळं मीच पाहते. सही मागाहून होते. डॉक्टर म्हणतात, "उर्वशी, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे." ऐकायला फार गोड लागतं. तू सांभाळून राह्य असल्या भरवशापासून.

मार्चमध्ये ट्रस्ट मुकुटबनला नवं केंद्र काढणार आहे. प्रमुख म्हणून माझं नाव गेलं आहे, ऑर्डर कायमची. तू पास झालास की तुलाही तिथं

फोन आला म्हणून थांबले होते. आता बारा वाजून गेले. धावजीच्या तांड्यावर जाणारी एसटी दीडला आहे, तोवर लिहिते. वरचं खोडत नाही, पण ते अर्धंच होतं. उद्या माझ्याबद्दल तुझ्या कानावर काही येईल, ते आधी माझ्याकडून ऐक.

धावजीचं मी तुला दिवाळीत सांगितलं होतं. हैदराबाद लाइनवर ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मनानं घेतलं की आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी कालवते. ट्रक सुटला, जेवण सुटलं, नुसता हाडांचा सापळा राहिला. हायवेवर जाऊन गाड्यांच्या अगदी जवळ उभा राहायचा. गोळी हातात दिली की म्हणायचा, "हे पाहा, हेच तर कालवते!" त्याची बायको धुरपता माझ्यापुढं रडत बसली. मी तुला काय सांगितलं? की समजावून समजावून तो औषधाला तयार झाला. तू म्हणालास, ताई, तुझ्यासारखं काम करायचं आहे.

खोटं होतं ते. धावजी कधीच तयार झाला नाही.

मी धुरपताला थेंबांची बाटली दिली. त्याला रंग नाही, वास नाही. लेबल मीच नखानं खरवडून काढलं. म्हणाले, चहात टाकू नको, औषध बिघडतं, संध्याकाळच्या दुधात टाक, अन् कोणाला म्हणून सांगू नको. तिला पोरीची शपथ घातली. केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण स्वतः औषध घेतो, सहकार्य उत्तम.' डॉक्टरांनी त्याखाली सही केली.

आठ महिन्यांत माणूस उठून उभा राहिला. शेतावर जायला लागला, पोरीच्या, ममताच्या, वेण्या घालायला लागला. ट्रस्टनं माझा सत्कार केला, तो फोटो बाबांनी फ्रेम करून भिंतीवर लावला. अन् मला, एवढी डिप्लोमावाली, एक गोष्ट कधी सुचली नाही. धावजीला जो भ्रम होता तो आता भ्रम राहिला नव्हता. त्याच्या खाण्यात खरंच कोणीतरी काहीतरी कालवत होतं, अन् ते मी करून राह्यली होती.

नोव्हेंबरपासून तो दुधाचा पेला हातात घेऊन नुसता पाहत बसायचा. मग त्यानं पेला आधी ममताला द्यायला सुरुवात केली. सहा वर्षांची आहे ती. त्याचा हिशेब सरळ होता, पोरीला अपाय होईल असं माय पुढ्यात ठेवणार नाही. धुरपतानं पेला हिसकावला असता तर सगळं उघडं पडलं असतं, अन् माझी शपथ होती. ती चुलीकडे तोंड करून बसून राहायची. असं किती दिवस चाललं, ते ती अजून सांगत नाही.

या महिन्याच्या पाच तारखेला ममताला दवाखान्यात आणलं. मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर चढलेले, जीभ बाहेर. तांड्यावर कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं पान लागलं, साप चावला. ड्यूटीवरचे डॉक्टर धनुर्वाताचं बोलायला लागले. मला दारातूनच कळलं. त्या थेंबांनी लहान लेकराची मान अशीच धरते. त्यावरचं इंजेक्शनही मला माहीत होतं. "सर, एकदा हे देऊन पाहू का?" म्हणाले. अर्ध्या तासात मान सरळ झाली, पोरीनं पाणी मागितलं. सगळे म्हणाले, सिस्टरच्या हाताला गुण आहे. केसपेपरवर 'झटके' लिहिलं गेलं. मी ते वाचलं अन् फाईल जागेवर ठेवून दिली.

या गुरुवारी धावजी एकटा आला. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमी खोटं नाही बोलत म्हून तुमाले इचारतो. माह्या दुधात काही हाय का?"

शब्द तोंडाशी आले होते रे. पण डोळ्यांपुढं मुकुटबन आलं. मी म्हणाले, "काही नाही धावजीभाऊ. मनाचे खेळ आहेत."

तो हसला. "मंग ठीक हाय. मंग माह्यंच डोकं खराब. पोरीले उगाच तरास देल्ला." हात जोडून गेला.

पाच तारखेलाच मी धुरपताला बजावलं होतं, थेंब बंद. तिनं बंद केले, तर आठ दिवसांत तो पुन्हा हायवेवर. गुरुवारी खुशीत घरी आला, स्वतःहून दूध मागितलं, तसे तिनं पुन्हा सुरू केले. हे तिनं आज फोनवर सांगितलं. "कमीच टाकून राह्यली सिस्टर, मले भेव वाटते." अन् आता तो संशयानं नाही, लाडानं पोरीला पाजतो. म्हणतो, सिस्टर म्हणल्या काही नाही, पी बेटा. काल संध्याकाळी ममताची जीभ जड झाली होती, शब्द फुटेना. सकाळी बरी आहे म्हणे.

मी ओरडले, सांडून दे ती बाटली! ती म्हणाली, "सांडतो. अन् हा गाडीखाली गेला तं? त्याले तुमी सांगान का? मी सांगतलं तं माह्या हातचं पाणी बी घेनार नाही." तिनं फोन ठेवला. बाटली ती सांडणार नाही, मला माहीत आहे.

मग गुरुवारच्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आज कुठं जाऊ नकोस. कोणाला लेखी काही देऊ नकोस. पोरगी बरी आहे ना आता?"

मी जाते आहे. बाटली ताब्यात घेईन, अन् धावजीला समोर बसवून सांगेन की तुझा संशय खरा होता, खोटी मी होते. तो अंगावर येईल याची मला भीती नाही, तो तसा माणूस नाही. भीती ही आहे की यानंतर तो कोणाच्याच हातचं काही घेणार नाही, ना धुरपताच्या, ना आमच्या. अन् हायवे त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

फॉर्म भरायचा की नाही ते तूच ठरव, मी सांगण्याच्या लायकीची राहिले नाही. पण हे पत्र जपून ठेव. उद्या धावजीचं काही बरंवाईट झालं अन् सगळे म्हणाले की वेडाच होता तो, बायकोवर संशय घ्यायचा, तर हे पत्र दाखव. त्याच्या बाजूनं लिहिलेला एवढा एकच कागद आहे. म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही करते.

तुझी ताई,
उर्वशी बाबाराव मुनेश्वर,
परिचारिका