ओल्या फडक्यातला चेहरा

अष्टमी, रोहा
२७ फेब्रुवारी

ती. कमळाकरदादास,

सरूचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझी पाठ कशी आहे? वाकून शाडू मळू नका असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वहिनीने कळवलं, आणि तू ऐकत नाहीस हेही तिनेच कळवलं. खरं तर फोनच करणार होते. पण तुझा फोन वहिनी उचलते, स्पीकरवर टाकते आणि मग तुझा अख्खा गणपतीचा कारखाना माझी खुशाली ऐकतो. (मागच्या वेळी माझ्या पित्तावर तुमच्या रंगारी शिवाने ओवा सांगितला. गुण आला, ते सोड.) यावेळचं सांगणं सगळ्यांच्या कानावर जायचं नाही, म्हणून हे पत्र. शेजारचा विशाल रोज पेणला कामाला येतो, त्याच्या हाती देते आहे.

तर बातमी अशी की तुझ्या बहिणीचा सत्कार आहे. हसू नकोस. लोखंड-पितळेच्या धंद्यातल्या लोकांची एक संघटना आहे म्हणे, तिने यंदा महिला दिनाला दर कारखान्यातल्या एका बाईचा सन्मान करायचं काढलंय. आमच्या फाउंड्रीत बायका चार. त्यातली एक ऑफिसातली प्रतीक्षा मॅडम, उरलेल्या तीन आम्ही वाळूतल्या. आमचं काम तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. पंपाचं तोंड नाहीतर पाइपाचा बाक ओतायचा, तर तो आतून पोकळ हवा. त्या पोकळीच्या मापाचा वाळूचा गाभा आम्ही हाताने करतो. तो साच्यात ठेवायचा, वरून पुरुषांनी लोखंड ओतायचं, थंड झालं की गाभा फोडून वाळू झटकून टाकायची. म्हणजे आमचं काम चांगलं झालं की आत काहीच उरत नाही. सत्कार कशाचा करायचा ही अडचण तिथूनच सुरू झाली.

सगळ्यांच्या मनात नाव एकच होतं, कृष्णाबाई. तुला आठवते ना? आपल्याकडे मूर्ती घासायला होती, खारेपाटातली, उंच, 'ळ'ला 'ल' म्हणणारी. फाउंड्रीत तिला एकोणीस वर्षं झाली. मला अकरा वर्षांपूर्वी तिथे तिनेच लावलं. मॅडमनी फॉर्म भरायला रजिस्टर काढलं, तर एकोणीस वर्षं तिच्या नावापुढे एकच शब्द, हेल्पर. मॅडम नवीन आहेत, पुण्याच्या आहेत, त्यांनी सुपरवायझर दत्तात्रेयला भाबडेपणाने विचारलं, या नेमकं कुणाला हेल्प करतात? दत्तात्रेयने बराच विचार केला. शेवटी म्हणाला, तसं बघितलं तर आम्हीच त्यांना करतो, पेट्या उचलून देतो. (पेट्या जड असतात हे खरं.) मॅडमनी हेल्पर खोडून 'गाभा-कारागीर' लिहिलं आणि ते कृष्णाबाईला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. ही पौषातली गोष्ट. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. खोकला होताच, तो छातीत उतरला. तू माघीच्या गडबडीत होतास म्हणून आला नाहीस, ते मी समजून घेतलं. म्हणजे तेव्हा नाही घेतलं, आता घेते आहे.

संघटनेचं म्हणणं पडलं की सन्मान हयात बाईलाच देता येतो, गेलेल्या माणसासाठी फॉर्मात रकाना नाही. मॅडम फोनवर भांडल्या, मग वाळूच्या ढिगामागे जाऊन रडल्या. पोर चांगली आहे. मग कृष्णाबाईच्या नावावर माझं नाव चिकटवलं. फोटोवाला आला. गाभा करतानाचा फोटो त्याला पसंत पडेना, बाई वाळूत खेळतेय असं दिसतं म्हणाला. त्याला ठिणग्या हव्या होत्या. मला वेल्डिंगचं हत्यार धरून उभी केली, जे मी जन्मात धरलेलं नाही. बूट नऊ नंबरचे, कारण बायकांच्या मापाचे कंपनीत येतच नाहीत, आम्ही पुढे चिंध्या कोंबून चालतो. हेल्मेट नवं कोरं, ते नाकापर्यंत उतरलं. त्या फोटोत मी सोडून सगळं छान आलं आहे. तो आता गेटवर लावलाय, आणि वॉचमन मलाच विचारतो, ह्या मॅडम कोण?

सन्मानचिन्ह कारखान्याने स्वतःच ओतायचं ठरलं, पितळेचं, वीतभर. हातात पळी घेऊन रस ओतणारी बाई. (आम्हाला भट्टीच्या दहा पावलं आत येऊ देत नाहीत, पण पुतळ्याला कोण अडवणार.) दत्तात्रेयने लाकडाचा नमुना केला. पूर्वी कुठल्याशा शाळेसाठी शिपाई केला होता, त्याच्याच मिशा तासल्या आणि मागे अंबाडा ठोकला. मग माझ्याकडे घेऊन आला, म्हणाला, "सरूताय, तू पेणची. ह्याला जरा बाईमाणूस कर." मी अंग सारखं केलं, मुंडकं कापून टाकलं आणि शाडूचा नवा चेहरा बसवला. मनात काहीही नव्हतं रे. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून करत होते. गाल बसवले, हनुवटी ओढली, आणि बघते तर कृष्णाबाई. दत्तात्रेय मागे उभा होता, तो डोक्यावरची टोपी काढून तसाच उभा राहिला. तेव्हापासून पितळ चांगलं वापरायचं म्हणतो आहे.

तिचा डावा डोळा गेला होता हे तुला माहीत नसेल. चार वर्षं झाली. कामावर घालायचा चष्मा पुरुषी मापाचा, तो घसरला आणि ठिणगी आत गेली. पंधरा दिवसांनी कामावर हजर. मी रडत होते तर मलाच म्हणाली, "डोला एक गेला, बोटं दहा हायत ना गो." अंगठा फिरवून ती गाभ्यातला केसाएवढा तडा सांगायची. मापाचे चष्मे ती गेल्यावर आले, माझ्या सन्मानाच्या निमित्ताने, उरलेल्या आम्हा दोघींना दोन नग. माझा मला नीट बसतो. तो घालण्याआधी दर वेळी मी डावी काच पुसते.

आणखी एक आठवतं, लिहू का नको असं चाललं होतं. ती आपल्याकडे असताना एका वर्षी तिने तुला विचारलं होतं, "दादा, यंदा एका मूर्तीचे डोले मी करू?" तू हसलास. डोळ्यांची आखणी दार लावून करायची, बाईने त्या खोलीत यायचं नाही, ही बाबांची शिस्त. तुझ्यामागून सगळे हसले. मीही हसले. आठ दिवसांत ती काम सोडून रोह्याला आली. तू म्हणालास, घासकाम करणाऱ्या मिळतात पन्नास.

असो. सत्कार आठ तारखेला आहे. माझं नाव पुकारतील तेव्हा मी स्टेजवर जाऊन तिचं नाव सांगणार आहे, ते मी ठरवलं आहे. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, सहज कळवलं. वहिनीला नमस्कार, प्रणितला आशीर्वाद. पाठीला जप.

तुझी,
सरू

ता. क. मागायला लिहिलेलं नाही हे खोटं आहे. चेहऱ्याला डोळे नाहीत. गाल, ओठ, कपाळ सगळं जमलं, पण कोरणी डोळ्याशी नेली की हात थांबतो. तीनदा झालं. बाबांचं दार अजून माझ्या मनात लागलेलं आहे. गुरुवारी पितळ ओतायचं आहे. तोवर शाडू सुकू नये म्हणून चेहरा ओल्या फडक्यात ठेवला आहे, दिवसातून तीनदा पाणी शिंपडते. तू बुधवारपर्यंत सकाळच्या गाडीने ये. तुझी बारीक कोरणी घेऊन ये.

आणखी एक. हे मात्र एकट्याने वाच. तुझ्या कारखान्यात फ्रेम करून लावलेलं कात्रण आहे ना, एकशे चार तापात एकेचाळीस मूर्तींची आखणी केल्याचं? दर गिऱ्हाइकाला सांगतोस, बाप्पाने हात धरला, मला काही आठवत नाही. दादा, तुला आठवत नाही कारण तू उठलाच नव्हतास. आई तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती, गिऱ्हाइकं दारात येऊन बसली होती, आणि आतल्या खोलीत दार लावून कृष्णाबाई डोळे काढत होती. दोन दिवस. काळा रंग मी घोटून देत होते. तू शुद्धीवर येऊन विचारलंस, हे मी कधी केलं? आई म्हणाली, तापात. आम्हा दोघींना तिने शपथ घातली. ठाण्याची गिऱ्हाइकं अजून त्या वर्षीसारखीच नजर मागतात आणि ती तुला परत कधी साधली नाही, त्याचं कारण हे आहे. तिने पुढच्या वर्षी एक मूर्ती मागितली ती हे सगळं पोटात ठेवून मागितली. आणि मी, जिला माहीत होतं, ती हसले. त्याची मला आजही लाज वाटते. आई गेली, तिची शपथही तिच्याबरोबर गेली असं मी धरते. कात्रण काढू नकोस. नाव तेवढं मनात बदल.

शेवटचं. पाठ दुखते, वेळ नाही, असं कळवू नकोस. तिने तुझ्या नावावर ब्याऐंशी डोळे काढले. डावा मी मिटलेला ठेवला आहे, होता तसा. तुला एकच काढायचा आहे.