सादर करा या बटणापर्यंत

३ नोव्हेंबर

नवी फेरी सुरू. माझ्या वाट्याला पाच देश. दोन बेटांचे, एक वाळवंटातला, एक बर्फाचा, आणि यंदा पहिल्यांदाच आपला. मराठी-हिंदी वाचणारं दुसरं कुणी मिळालं नाही म्हणे.

लिफ्टपाशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गाठलं. "मॅडम, तुम्ही घरी बसून नक्की करता काय?" म्हटलं, सरकारांना मार्क देते. कुठलं सरकार लोकांची कामं इंटरनेटवरून किती करून देतं ते बघायचं आणि गुण टाकायचे. त्यावरून देशांचे नंबर लागतात. हसले. "मग आपल्याला पास करा हं." आमच्या बोळिंजमधला माणूस पाण्याच्या टँकरची चौकशी सोडून देशाच्या नंबराची चौकशी करतो, याचं कौतुकच वाटलं.

६ नोव्हेंबर

बर्फाचा देश संपवला. तिथं मूल जन्मलं की आईबापांना काही करावं लागत नाही, सगळी खाती आपण होऊन एकमेकांना कळवतात, असं त्यांचं संकेतस्थळ म्हणतं. पूर्ण गुण. खरंच कळवतात का, ते आम्ही बघत नाही.

आमचा नियम दर फेरीला पहिल्याच पानावर जाड अक्षरांत असतो. नागरिक होऊन शेवटच्या पानापर्यंत जा. 'सादर करा' हे बटण दिसलं की स्क्रीनशॉट काढा. बटण दाबू नका. खोटे अर्ज गेले तर तिथल्या कारकुनांना उगाच त्रास. नियम शहाणपणाचाच आहे. पण इतक्या फेऱ्या झाल्या, त्या बटणापलीकडे काय असतं ते मी एकदाही पाहिलेलं नाही.

९ नोव्हेंबर

सांडोरला आईकडे. बाबा गेल्यापासून एकटीच असते. वाफ्यात बसली होती, हात न धुताच सांगायला लागली. "वटारची शेजारीण आलेली. राजूनं वाडीला वारस लावायला टाकलंय म्हणते. त्यात मी नाय."

वटारची वाडी आजोबांची. ते जाऊन वर्ष होत आलं. त्यांना मुलं दोनच, आई आणि मामा. राजू मामाचा मुलगा. घरी येऊन लॅपटॉप उघडला. शेजारीण खरं बोलली होती. वारसांत मामाचं एकट्याचं नाव. हरकतीची मुदत चालू आहे.

राजूला फोन केला. अजिबात गडबडला नाही. "अगं ताई, मी आत्याचं टाकत होतो ना. सिस्टीमनं घेतलंच नाही. आजोबांच्या जुन्या कागदांत द्वारका आहे, आत्याच्या आधारवर सुनंदा. नाव जुळत नाही म्हणून लाल अक्षरं येतात. मग म्हटलं, आधी आमचं तरी होऊ दे."

आधी आमचं तरी! आणि हे सगळं किती गोड आवाजात. राग असा आला की फोन ठेवून नुसती गॅलरीत उभी राहिले.

११ नोव्हेंबर

पोर्टल 'नाव बदलल्याचा पुरावा' मागतंय. कुठून आणू?

आई माहेरची द्वारका. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यावर लिहिलं, सुनंदा. झाली सुनंदा. तेव्हा सगळ्याच बायकांचं असं व्हायचं, लग्नाची नोंदणी तर कुणाच्या गावीही नव्हती. आईची वटारच्या शाळेतली द्वारका नावाची नोंद मिळाली. सुनंदाचं रेशनकार्ड आहे, आधार आहे. म्हणजे माझ्या पिशवीत दोन बायकांचे पुरावे आहेत. त्या दोघी एकच, याचा एकही नाही.

आईला सहज विचारलं, त्या तांदळांचं पुढं काय झालं?

"भात केला असंल. टाकतं का कोण?"

माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नव्हतं. सासूबाई वर्षभर रुसल्या होत्या. रुसल्या त्या परवडल्या.

१४ नोव्हेंबर

आज आपला देश काढला. नेमका प्रश्न समोर: 'कुटुंबातील मृत्यूनंतर वारसांची नोंद नागरिकाला ऑनलाइन करता येते का?' पर्याय दोन. हो, एक गुण. नाही, शून्य.

तेच पोर्टल. आधी नेहमीसारखी काल्पनिक नागरिक झाले, जिचं नाव सगळीकडे एकच आहे. लोण्यातून सुरी जावी तशी शेवटच्या पानावर पोचले. बटण दिसलं. मग पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि आई झाले. तिसऱ्याच पानावर लाल अक्षरं.

शून्य टाकलं. खाली शेरा लिहिला की लग्नात नाव बदललेल्या बाईला ही सेवा मिळत नाही, आणि आपल्याकडे अशा बायका घरोघरी आहेत. घरचं प्रकरण आहे हेही लिहिलं, लपवलं नाही. लिहून झाल्यावर बरं वाटलं. आईला काय उपयोग, ते वेगळं.

१८ नोव्हेंबर

आईला घेऊन वटार. मामानं एवढंच लिहून द्यायचंय की द्वारका आणि सुनंदा एकच, आणि ती माझी सख्खी बहीण. त्याच्याएवढं कुणाला माहीत?

चहा झाला, पोहे झाले. मामा केळीवरच्या रोगाबद्दल बोलत राहिला. मी मुद्दा काढला तर "बघू, राजूला विचारतो" म्हणाला. सत्तरीकडे झुकलेला माणूस मुलाला विचारणार.

शेवटी आईच बोलली. "लग्नात नावाचं ताट तूच धरलं होतंस ना रे? नवऱ्याचा कान पिळलास, नवी टोपी मिळाली म्हणून आख्ख्या वाडीत नाचलास."

मामा खाली बघून म्हणाला, "ताट धरलं होतं. पन त्यात काय लिवलं ते वाचाया कुठं येत होतं मला तेव्हा?"

राजू दारात उभा होता. कुणी हसलं नाही. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

निघताना मामानं राजेळी केळ्यांचा अख्खा घड रिक्षात ठेवला. नको म्हटलं तरी ठेवला. आणखी एक गोष्ट. मामा जन्मभर तिला द्वारकाबाय म्हणत आला आहे, लग्नानंतरही. त्याच्या तोंडी सुनंदा कधी बसलंच नाही. आज पूर्ण वेळात त्यानं तिला एकदाही हाक मारली नाही. मी मुद्दाम कान देऊन होते.

१९ नोव्हेंबर

आईनं घड शेजारी वाटून टाकला. स्वतः एक केळं खाल्लं नाही. म्हटलं, तुला वाडी कशाला हवी आहे, विकायची आहे का? चिडली. "विकायची नाय, मला तिथं ऱ्हायचं पन नाय. माझ्या बापाच्या खाली माझं नाव पायजे. बस."

पुढं बऱ्याच वेळानं, भांडी घासताना, "एकदा नाव काढून घेतलं तेव्हा कोन मला विचाराया आलं नव्हतं."



२१ नोव्हेंबर

प्रत्येक देश दोघंजण तपासतात, एकमेकांना न विचारता. आपल्या देशाच्या त्या प्रश्नाला दुसऱ्यानं एक गुण दिला. कोण आहे, कुठल्या खंडात बसलाय, भाषांतर करून वाचतो की काय, माहीत नाही. त्याला बटण दिसलं, त्यानं स्क्रीनशॉट काढला. त्याचं काय चुकलं?

दोघांचं जमलं नाही की आमच्या प्रमुख, के. मॅडम, ठरवतात. आज त्यांचा कॉल आला. अतिशय सभ्य बाई. "तुझा शेरा वाचला. वाईट वाटलं. पण तो अनुभव झाला. आपण अनुभव मोजत नाही, सेवा उपलब्ध आहे का ते मोजतो."

"मॅडम, माझ्या आईला ती उपलब्ध नाहीये."

"आई हा देश नाही ना गं."

एक गुण. प्रश्न बंद. मी "ओके मॅडम" म्हणाले. वर "थँक्यू"सुद्धा म्हणाले! कशाबद्दल?

२५ नोव्हेंबर

पोर्टलवर हरकत टाकायला गेले तर तिथंही आधी आधारचं नाव जुळवून मागतं. म्हणजे नाव जुळत नाही ही तक्रार करायला नाव जुळायला हवं. कपाळ!

कागदावर हरकत लिहिली आणि आईला घेऊन कार्यालयात. खिडकीतला म्हणाला, "कागद घेणं बंद झालंय. ऑनलाइन करा." मी अर्धा तास वाद घातला, शेवटी घसा बसला. तो पठ्ठ्या एकच वाक्य बोलत होता.

आईनं वाद घातला नाही. बाकावर बसली, पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागली. घरनंच आणल्या होत्या. मला वाटलं होतं डबा आहे. शेजारच्या बाकावरच्या दोघी बायका पण मदतीला सरकल्या. सालं कागदावर, कागदावरून फरशीवर. शिपाई दोनदा ओरडून गेला. "हो रे बाबा, तेवढा कागद घेतला की उठते," म्हणाली.

दुपारी आतून साहेब जेवायला बाहेर आले. फरशी बघितली. "घ्या यांचा कागद. आणि शेंगा आवरा." शिक्का मिळाला.

कितीतरी दिवसांनी पोटभर हसलो, आई आणि मी, रिक्षात. संध्याकाळी त्याच दाण्यांची उसळ. यंदाच्या गुणपत्रिकेत आईच्या या पद्धतीला रकाना नाही.

१६ जानेवारी

अहवाल आला. आपला देश वरच्या गटात गेला. एका प्रश्नानं गेला असं मी म्हणत नाही. तेवढी मी मोठी नाही. पण तो एक गुणही त्या बेरजेत आहे.

सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली, खाली माझं नाव आणि हात जोडल्याची चित्रं. 'आपल्या बिल्डिंगचा अभिमान.' दोघातिघांनी लिफ्टमध्ये अभिनंदन केलं. नवरा घरी आल्यावर म्हणाला, पेढे आण. मग माझं तोंड बघून स्वतःच चहा टाकायला गेला.

के. मॅडमनी विचारलंय, पुढची फेरी करशील ना? हो लिहिलं. स्वतःचीच लाज वाटली. तरी लिहिलं.

३ फेब्रुवारी

सुनावणीची तारीख आली, बाराला. आईच्या फोनवर नाही, कारण आईचा नंबर सुनंदाच्या नावावर. राजूला मेसेज आला, त्यानं मला पुढं पाठवला. सोबत 'भेटू ताई' आणि हसरा चेहरा.

आई दोन दिवस काय नेसू विचारतेय. मी म्हटलं, तिथं काय नेसलीस ते कुणी बघत नाही. "मला म्हाईत हाय," म्हणाली आणि पुन्हा ट्रंक उघडून बसली.

१२ फेब्रुवारी

दमले आहे. पण आजचं आजच लिहून ठेवते.

कार्यालयात शिरल्या शिरल्या भिंतीवर नवी फ्रेम. आमच्या अहवालाचं पान, रंगीत, काचेत. आपला देश हिरव्या पट्ट्यात. मी बघत उभी राहिले तर तोच खिडकीतला म्हणाला, "बघा मॅडम, कुठं पोचलो आपण. तुम्ही तेवढ्या कागद-कागद करत होत्या." काय सांगणार, की यातलं थोडं मीच मोजलंय?

मामा आणि राजू समोरच्या बाकावर. मामानं पांढरा सदरा घातला होता. आईकडे बघत नव्हता.

पुकारा झाला. "द्वारका! द्वारका कोण आहे?"

आई बसूनच. मला वाटलं ऐकू आलं नाही. नंतर कळलं, लग्नानंतर चारचौघांत त्या नावानं तिला कुणी बोलावलंच नव्हतं, एका मामाशिवाय. दुसऱ्यांदा पुकारलं तशी दचकून उठली. साहेबांच्या खोलीला उंबऱ्याशी एक पायरी आहे, वर चढलेली, फरशीच्याच रंगाची, दिसत नाही. आई घाईघाईत तिकडे निघाली आणि मागून मामा एकदम ओरडला,

"द्वारकाबाय, हळू! पायरी हाय!"

आई थांबली. पायरी बघून नीट चढली. आत गेली.

राजू बापाकडे बघत होता. मामा स्वतःच्या हाताकडे. खिडकीतल्यानंही ऐकलं. साहेबांनी ऐकलं, दार उघडंच होतं.

आत मी म्हटलं, साहेब, तुम्ही आत्ता ऐकलंत. यांच्या भावानं यांना नावानं हाक मारली. साहेब वाईट माणूस नाही. स्क्रीनकडे बघून त्यांनी यादी वर केली, खाली केली. "ऐकलं हो. पण हे टाकू कुठं? इथं पुराव्याचे प्रकार ठरलेले आहेत. हाक हा प्रकार नाही." मग मामाला आत बोलावून विचारलं, लिहून देता का? मामा राजूकडे न बघता म्हणाला, "इचार करतो." नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

साहेबांनी काहीतरी टाइप केलं आणि माझ्यासमोर 'सादर करा' दाबलं. बटण दाबलं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरं गोल चक्र फिरत राहिलं.

निर्णय पोर्टलवर कळेल म्हणाले.

बाहेर आलो तर मामा गेटपाशी उभा. रिक्षा थांबवून दिली, आई नीट बसेपर्यंत दांडा धरून उभा राहिला.

सांडोरच्या वळणावर आईनं मला विचारलं, "आवाज बापासारखा झालाय नाय त्याचा?" आणि थोड्या वेळानं, "निर्णय कुठल्या नावावर येनार?"

मला माहीत नाही. मघापासून पोर्टल उघडून बसले आहे, आईचं नाव टाका म्हणतंय.