तिसऱ्या चौकटीतली मावशी

४ सप्टें., मानवत
साप चावल्यावर काय करायचं, त्याची चित्रकथा आज झाली एकदाची. सहा चौकटी. शाळा सुटून पोरं गेल्यावर माझ्या चित्रकलेच्या वर्गातच बसून रंगवली. तिसऱ्या चौकटीत नवऱ्याच्या पायाला दोरी आवळणारी बाई, खाली मजकूर: 'असं कधीही करू नका.' बाईला मावशीचा चेहरा दिला. आई गेल्यावर तिनंच वाढवलं, तो चेहरा हाताला पाठ. झकास उतरलीय. बाकीच्या चौकटी मिळमिळीत. पाय न हलवता दवाखान्यात न्या, यात रंगवण्यासारखं काय असतं!

२१ सप्टें.
आरोग्य केंद्राच्या पत्रकात चित्रकथा छापून आली. पोखर्णीला मावशीला एक प्रत दिली.
"अगं बया, ही तर मीच! लुगडं बी माझंच."
तिला वाचता येत नाही. वाचून दाखवणार होते, पण शेवटची बस... पुढच्या खेपेला.

२ नोव्हें., परभणी, दवाखाना
काकांना, मावशीच्या नवऱ्याला, कापसात घोणस चावली. पाय गुडघ्यातून कापला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. विषावर औषध होतं, म्हणाले, दोरी करकचून बांधली म्हणून पाय गेला.
बाकावर मावशी. माझा हात धरून, "तू काढलं तसंच बांधलं, पोरी. लय घट्ट."


१३ नोव्हें., पोखर्णी
काका घरी. दाराशेजारी भिंतीवर तिसरी चौकट. नुसती तिसरी. कात्रीनं नीट कापलेली, खालची ओळ उडवून.
"बाकीचं?"
"चुलीत घातलं. त्याच्यात मी कुठं होते?"

१६ नोव्हें.
शेजारच्या बाया भेटायला येतात. मावशी चित्रावर बोट ठेवून सांगते, "असं आवळायचं. पाय गेला, पर कुंकू राह्यलं. माझ्या पोरीनं काढलंय हे."
बाया माना डोलावतात. मी चहा करायला आत पळाले. चुलीपुढे रडले. धुराचं निमित्त बरं असतं.
सांगितलं तर मोडेल ती. नाही सांगितलं तर

१९ नोव्हें.
युक्ती. नवं चित्र: तीच मावशी, तेच लुगडं, काकांच्या पायाला फळीचा आधार देतेय. जुन्याच्या जागी लावायला द्यायचं, कारण सांगायचं नाही. भित्री आहे मी.

२३ नोव्हें.
नवं दिलं. उजेडात धरून बराच वेळ पाहिलं तिनं.
"ग्वाड काढलंस. पर दोरी राह्यली की गं काढायची."
"मावशी, ती दोरी..."
काकांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. नको.
म्हणजे त्यांना माहीत आहे. कधीपासून?
मावशीनं नवं चित्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं. जुनं भिंतीवरच आहे. उद्या आळीतल्या सगळ्या बाया कापसाच्या वेचणीला जाणार आहेत.